गच्चीवरचे भाऊबंद

मी शिक्षिका नव्हते, तरी नोकरीभर माझ्या पर्समध्ये खडू असायचा. मी जळगावात महापालिकेच्या दवाखान्यात आरोग्यसेविका होते. लोकांच्या तोंडी 'शिष्टरबाई'. पोलिओचा रविवार झाला की पुढचे दिवस आम्ही घरोघर फिरायचो. घरातल्या सगळ्या लहान लेकरांना डोस मिळाला असेल तर दारावर खडूने एक खूण, कुणी राहिलं असेल किंवा दाराला कुलूप असेल तर दुसरी. लेकराच्या डाव्या करंगळीच्या नखाला शाई. याशिवाय गरोदर बाया शोधायच्या, त्यांचं बीपी बघायचं, लोहाच्या गोळ्या द्यायच्या आणि त्या गोळ्या खिडकीतून बाहेर जात नाहीत ना यावर लक्ष ठेवायचं. पावसाळ्यात डासांच्या अळ्या शोधत लोकांच्या पाण्याच्या टाक्यांत डोकवायचं. थोडक्यात, दुसऱ्याच्या घरात नाक खुपसायचा मला पगार मिळत होता. माझे यजमान म्हणायचे, "सुमन, हे काम तू फुकटातसुद्धा केलं असतंस." खोटं कशाला बोलू? केलं असतं.

नाक खुपसायचीही एक रीत असते. ती मी धुळ्याला शिकले. मी मूळची पिंपळनेरची, ट्रेनिंग धुळ्याला झालं. तिथे यंत्रमागवाल्यांच्या मोहल्ल्यात आम्हा पोरींना लसीकरणासाठी फिरवायचे. मी दार वाजवायची नि पुस्तकात शिकवल्यासारखी विचारायची, "घरात पाच वर्षांखालचं कुणी आहे का?" आतून उत्तर यायचं, "नाही." पुढचं दार, तेच उत्तर. एवढ्या मोठ्या मोहल्ल्यात लेकरूच नाही म्हटल्यावर मला कौतुक वाटायला लागलं. आमच्या मोठ्या सिस्टर मागून आल्या, पदराने घाम पुसत म्हणाल्या, "अगं बये, दारात काय विचारतेस? आधी वाळत घातलेल्या कपड्यांची दोरी बघ." दोरीवर झबली, लंगोट, एवढंसं टोपरं! मग आम्ही परत पहिल्या दारापासून सुरुवात केली.

लोक खोटं का बोलतात, हे कळायला मला जरा वेळ लागला. घरमालकाने 'फक्त दोघं राहायचं' असं बजावलेलं असतं. मग तिसरं माणूस आलं की ते लपवावं लागतं, आणि ते बहुतेक वेळा लेकरूच असतं. गावात मुरलेला माणूस दार उघडून म्हणतो, "या शिष्टर, चहा घ्या." नवा आलेला दाराच्या फटीतून म्हणतो, "कोई नहीं है." त्यामुळे शहरात नवीन माणसं कुठे येऊन टेकतात, हे मला आपोआप कळत गेलं. ते कळून घ्यायचा मला नादच लागला म्हणा ना.

जळगावात अशी माणसं टेकायची जागा म्हणजे सराफ बाजारामागचा एक बोळ. खरं नाव सांगत नाही, तिथले लोक अजून मला ओळखतात. आपण कारागीर बोळ म्हणू. स्टेशनवर उतरलेला नवा माणूस सराफ बाजाराची वाट विचारायचा आणि तिथून या बोळात पोचायचा. आधी राजस्थानातले लोक आले, मग बंगालचे सोन्याचे कारागीर आले आणि ते इतके आले की वरच्या मजल्यावर ठोकाठोक, खालच्या मजल्यावर फुंकणीचा आवाज आणि संध्याकाळी सगळीकडे मोहरीच्या तेलातल्या माशांचा वास. आमच्या साक्री-पिंपळनेरकडचे नोकरीवालेही स्वस्त खोली म्हणून इथेच यायचे. मी नोकरीला लागले तेव्हा माझी पहिली खोली याच बोळात होती, मालतीआक्कांच्या घरी.

मालतीआक्का मेदिनीपूरकडच्या. लग्न होऊन थेट या बोळात आल्या. नवरा दागिने घडवायचा. मराठी त्या नळाच्या रांगेत शिकल्या, आणि नळाच्या रांगेत काही पुस्तकी मराठी मिळत नाही. त्यामुळे आक्का अशी फर्मास अहिराणी बोलतात की आमच्या पिंपळनेरच्या बाया गप्प बसाव्यात. मी पहिल्या दिवशी बिचकत विचारलं, "आक्का, पाणी कधी येतं?" तर म्हणाल्या, "येस तव्हय येस. तू बठ, च्या पे."

या बोळाची एक खास गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. श्रावणात खानदेशात कानबाई बसते. नारळाची देवी, साजशृंगार करून रविवारी मांडतात, सोमवारी वाजतगाजत नदीवर नेतात. तिच्या नैवेद्याला रोट करतात. हे रोट साधे नसतात. घरातल्या प्रत्येकाच्या नावाने सव्वा सव्वा मूठ धान्य मोजून घेतात, तेच दळतात आणि त्याचेच रोट होतात. ते खायचे फक्त भाऊबंदांनी. बाहेरच्याला एक तुकडा द्यायचा नाही, आणि पौर्णिमेच्या आत संपवायचे. आमच्या पिंपळनेरला तर फक्त पुरुषांच्या नावाची मूठ घेतात नि सासरी गेलेल्या लेकीलाही रोट देत नाहीत. इतकं कडक.

पण या बोळात सगळेच आपापल्या भाऊबंदांपासून तुटून आलेले. मग कुणाच्या डोक्यातून निघालं कोण जाणे, बोळाने सगळ्यांची मिळून एकच कानबाई बसवायला सुरुवात केली. मूठ टाकायची ती बोळात राहणाऱ्या प्रत्येकाच्या नावाने, बाई असो की बाप्या, खानदेशी असो की बंगाली. मी राहायला गेले त्या श्रावणात आक्कांनी सुपात माझ्याही नावाची मूठ टाकली आणि म्हणाल्या, "आते तू भाऊबंद. उद्या भांडाले मोकळी." पिंपळनेरला आईला हे सांगितलं तेव्हा तिने कपाळावर हात मारला. मला मात्र त्या दिवसापासून जळगाव आपलं वाटायला लागलं, हे कबूल केलंच पाहिजे.

पुढे मी लग्न करून दुसरीकडे राहायला गेले, पण बोळ माझ्याच दवाखान्याच्या हद्दीत होता, त्यामुळे जाणं-येणं सुटलं नाही. हळूहळू बोळ बदलत गेला. सोन्याचं नाव झालं, लांबून गिऱ्हाइकं यायला लागली, जागेला मागणी आली. जुनी घरं पडली, लिफ्टच्या बिल्डिंगी उभ्या राहिल्या. खाली शोरूम, वर फ्लॅट. एका जुन्या कारखान्यात कॉफीचं दुकान निघालं; त्याच्या भिंतीवर कारागिराची फुंकणी आणि हातोडी शोभेला टांगली आहे. बोळाच्या तोंडाशी फलक लागला, 'पारंपरिक बंगाली कारागिरी'. आणि बंगाली कारागीर? ते हायवेपलीकडच्या प्लॉटांत गेले. ज्यांची नशिबं फळफळली त्यांनी तिकडे बंगले बांधले, ज्यांची नाही त्यांनी पत्र्याच्या खोल्या.

आमच्या खडूचीसुद्धा पंचाईत झाली. एका नव्या फ्लॅटवाल्या बाई मला म्हणाल्या, "सिस्टर, खूण दारावर नको हं, सागवानी आहे, नवीन पॉलिश आहे." मी म्हटलं, मग कुठे करू? त्यांनी चपलांच्या कपाटाची आतली बाजू दाखवली. मी मुकाट्याने तिथे खूण केली. दुसऱ्या दिवशी तपासणीची टीम आली, त्यांना दारावर खूण दिसेना, त्यांनी बाळाला परत डोस पाजला. पोलिओचा डोस दोनदा गेला तर काही बिघडत नाही, पण बाई मात्र रडकुंडीला आल्या. मी म्हटलं, "बाई, सागवानाला जपलंत, आता बाळाचा पाया डबल पक्का झाला."

तर निवृत्तीला काही महिने उरले होते तेव्हाची गोष्ट. दवाखान्यात आमच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "सुमनताई, कारागीर बोळात आता वेगळी टीम कशाला पाठवायची? तिथे स्थलांतरित कुणी राहत नाहीत. सगळी फ्लॅटवाली माणसं, खाजगी डॉक्टरांकडे जातात." मॅडमचं म्हणणं काही चुकीचं नव्हतं. मलाही तसंच दिसत होतं. पण माझ्या मनात कुठेतरी खुटखुटत राहिलं. जिथे इतकी वर्षं नवा माणूस येत होता, तिथे येणं असं बंद होतं? मेदिनीपूरच्या एखाद्या गावात अजून कुणी कुणाला सांगत असेलच की, 'जळगावला उतर, सराफ बाजार विचार.' तो माणूस उतरला, विचारत विचारत बोळात आला, आणि समोर कॉफीचं दुकान. मग तो करतो काय? मला हे जाणून घ्यायचंच होतं. मी मॅडमना म्हटलं, "एवढा पावसाळा जाऊ द्या, मी एकदा टाक्या तपासून येते."

श्रावण लागला होता. आक्कांच्या जुन्या घराच्या जागी आता चार मजली बिल्डिंग आहे. त्यांचा मुलगा तपन पहिल्या मजल्यावर राहतो, खाली त्याची शोरूम, आणि सोसायटीचा सेक्रेटरीही तोच. शोरूमच्या दर्शनी भागात एक काचेची खोली केली आहे. तिच्यात एक तरुण कारागीर बसून डाग देऊन दागिन्याचे सांधे जोडत असतो आणि गिऱ्हाइकं बाहेरून मोबाइलवर त्याचे फोटो काढतात. मी पण जरा थांबून बघितलं. पोरगा नवा होता. हसला, पण भेदरलेला.

मी लिफ्टने वर गेले आणि गच्चीवर टाकीचं झाकण उघडायला वाकले, तर नाकात वास आला. मोहरीचं तेल! किती वर्षांनी आला तो वास त्या बोळात. टाकीशेजारी एक खोली आहे. आक्कांनी घर पाडायला दिलं तेव्हा 'वरची खोली मन्ही ऱ्हाई' असा हट्ट धरून ती मागून घेतली होती. खोलीच्या दारापुढे दोरी. दोरीवर एक साडी आणि जुन्या सुती साडीचे चौकोनी तुकडे, अजून एकही डाग न पडलेले, धुऊन वाळत घातलेले. ते कशासाठी असतात हे मला कुणी सांगायला नको होतं.

मी दार वाजवलं. फटीतून उत्तर आलं, "कोई नहीं है."

"अगं, मग बोलतंय कोण?" मी म्हटलं.

दार उघडलं. झुमा तिचं नाव. खालच्या काचेतल्या कारागिराची, बापीची, बायको. आठवा सरत आलेला आणि पाय असे सुजलेले की पैंजण रुतत होते. मी बीपी बघितलं आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. बाळंतपणाच्या आधी बीपी असं चढलं तर आईला झटके येऊ शकतात, आई नि बाळ दोघांच्याही जिवावर बेतू शकतं. तिला आराम पाहिजे होता, गोळ्या पाहिजे होत्या, आणि दवाखाना जवळ पाहिजे होता. बोळापासून सिव्हिल जवळ, ही एकच गोष्ट तिच्या बाजूची होती.

मी तिला पहिल्यांदा सिव्हिलला दाखवून आणलं, गोळ्या सुरू केल्या, मग खाली आक्कांकडे गेले. त्यांच्या गुडघ्यांनी आता संप पुकारलाय, पण जीभ शाबूत. म्हणाल्या, "मीच बलाया त्यासले. मन्हा माहेरना मानसे शेतस. गावमा निरोप धाडा, बोळमा या, आठे खोली शे. पन हाऊ तपन..."

तपन आत आला आणि आक्का गप्प झाल्या. मग त्याच्याच तोंडून कळलं. सोसायटीत तक्रारी होत्या. गच्चीवर संसार थाटायचा नाही, असा नियम. माशांचा वास येतो, गॅसची भीती, अनोळखी माणसं. सगळ्यांत मोठा तक्रारदार दुसऱ्या मजल्यावरचे नाना. ते जामनेरकडचे, शेती थोरल्या मुलावर सोपवून शहरात आलेले. पौर्णिमेनंतर खोली रिकामी करायची, असं ठरलं होतं. बापीने झुमाला हावड्याच्या गाडीत बसवून गावी पाठवायचं ठरवलं होतं. दोन दिवसांचा प्रवास, नवव्या महिन्यात, त्या बीपीवर.

मी तपनला म्हटलं, "भाऊ, ती पोर गाडीत मरेल."

तो चिडला नाही. तपन वाईट माणूस नाही, मी त्याला लहानपणी इंजेक्शनं दिली आहेत. तो म्हणाला, "सिस्टर, मला शाळेत सगळे 'ए बंगाली' म्हणायचे. आता हीच माणसं मला तपनशेठ म्हणतात. मी माझ्याच माणसांना गच्चीवर ठेवलं तर म्हणतील, बघा, शेवटी आपल्या गाववाल्यांची चाळ केलीच. बाकी काय लागेल ते देतो. दवाखान्याचं बघतो. पण इथे नको."

"मग तुझ्या घरात ठेव," मी म्हटलं. त्यावर तो खिडकीबाहेर बघायला लागला.

नानांनाही भेटले. त्यांनी चहा पाजला, वर मलाच समजावलं. "शिष्टर, माझा काही राग नाही. पण नियम म्हणजे नियम. आज एक आलं, उद्या दहा येतील." मी म्हटलं, "नाना, तुम्ही जामनेरहून आलात तेव्हा तुमच्यामागे किती आले?" नाना म्हणाले, "आम्ही विकत घेतलंय." मी कपाळाला हात लावून उठले.

रविवारी कानबाई बसली. पार्किंगमध्ये मांडव, फुलांची कमान, सगळं दिमाखदार. पण बोळात आता रोटाची मूठ फक्त आक्कांच्या घरी पडते. बाकी जुने लोक गेले, नव्या फ्लॅटवाल्यांपैकी ज्यांच्याकडे कानबाई आहे त्यांची आपापल्या गावी. आणि आक्का काय करतात माहीत आहे? सूप पुढे घेऊन बसतात आणि जे बोळ सोडून गेले त्यांच्याही नावाची मूठ टाकतात. हायवेपलीकडे गेलेले, गावी परतलेले, माझ्यासारख्या लग्न होऊन गेलेल्या. सून म्हणाली, "आई, ते लोक इथे राहत नाहीत आता." आक्का म्हणाल्या, "गयात म्हनीसन काय व्हयनं? नाव गये का त्यासनं?" गेलेल्यांची नावं टाकली, पण गच्चीवरच्यांची टाकताना तपनने हात धरला. "मा, त्यांना आपण जायला सांगितलंय. त्यांची मूठ टाकू नकोस. नंतर जड जाईल." आक्कांनी हात थांबवला. मी तिथेच बसले होते. आक्कांच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा बघितलं.

मोठ्या खटल्याच्या मापाने रोट झाले आणि खाणारे पाच जण. सोमवारी देवी नदीवर गेली. मंगळवारी घरातल्यांनी रोट खाल्ले, बुधवारीही खाल्ले. नातवंडं म्हणाली, आता बास, आम्हाला काहीतरी दुसरं मागवा. तपनला साखरेचा त्रास, तो खीर चुकवून नुसते रोट खात होता नि पाणी पीत होता. पौर्णिमा तोंडावर आली तरी डबा भरलेलाच.

पौर्णिमेच्या दिवशी मी झुमाचं बीपी बघायला सकाळीच गेले. थोडं उतरलं होतं. पोरगी बऱ्याच दिवसांनी प्रसन्न दिसली. मी विचारलं, काय खाल्लंस? तर तिने रिकामा डबा दाखवला. खालून काल वॉचमन देऊन गेला म्हणे. जाड, खरपूस, तुपाचे. दोघांनी मिळून फस्त केले. "दीदी, खूब भालो छिलो," म्हणत बोटं चाटून दाखवली.

मी डबा ओळखला. आक्कांकडचा, रोटांचा. मग मला जे हसू फुटलं म्हणता! जिना उतरून तशीच आक्कांकडे गेले. तपन तिथेच चहा पीत होता.

"तपनभाऊ, रोट संपले का रे?"

"संपले एकदाचे," तो म्हणाला. "उरलेले काल वर पाठवून दिले. म्हटलं जाता जाता त्यांचंही तोंड गोड होईल."

आक्कांनी मान वर केली. "काय धाडं? रोट? कानबाईना रोट?"

"हो मग! प्रसादच ना."

तपन जळगावात जन्मला, शाळेत शिकला, अस्खलित मराठी बोलतो. पण घरात रोट आयते ताटात आले, त्यामुळे त्यांचा नियम त्याने कधी कानावरच घेतला नव्हता. त्याला वाटलं, सत्यनारायणाच्या शिऱ्यासारखं असेल. आक्का आधी देवाला हात जोडून पुटपुटल्या, मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतात. बघते तर हसत होत्या. "ये वं माय! मी मूठ टाकी नही ते मन्हा पोऱ्यानी सोता रोटच धाडी दिना! खादा ना त्यासनी? मंग खपनं. ते भाऊबंद व्हयनात."

"मा, असं काही नसतं," तपन म्हणाला.

"नसस? मंग नानाले इचार."

संध्याकाळी पार्किंगमध्ये सोसायटीची बैठक होती. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण मी डासांच्या अळ्यांवर चार शब्द सांगायला म्हणून गेले. खोली रिकामी करायचा विषय निघाला तेव्हा आक्कांनी खुर्चीतूनच विचारलं, "नाना, तुम्ही जुना मानूस. कानबाईना रोट जो खाई, तो कोन व्हस?"

नाना बेसावध. ठसक्यात म्हणाले, "आक्का, हे काय विचारणं झालं? भाऊबंदच. दुसऱ्याने खाल्लेला आमच्या सात पिढ्यांत चालला नाही."

"मंग वरला दोन्ही जनंसनी कालदी खादा. तपननी सोता धाडा."

नानांचा चेहरा बघण्यासारखा झाला. इकडे बघितलं, तिकडे बघितलं, शेवटी तपनकडे वळून म्हणाले, "खरंच पाठवला? रोट?" तपनने मान हलवली. "अरे, मग माणसा, आता त्यांना कसं काढणार? भाऊबंदाला सणाच्या दिवशी, त्यात भरल्या पोटाच्या बाईला? कानबाईचा कोप घ्यायचाय का? माझ्या घरात सुना आहेत, मी नाही त्या पापात." तिसऱ्या मजल्यावर राहणारा कॉफीच्या दुकानाचा मालक काहीतरी नियमांबद्दल बोलू लागला, तर नानांनी त्याला हातानेच गप्प केलं. "तुमच्याकडे कानबाई नसेल, आमच्याकडे आहे." जो माणूस त्यांना घालवायला निघाला होता, त्यानेच त्यांना ठेवलं. माझं एवढं समजावणं, बीपीचं यंत्र, सरकारचा शिक्का, सगळं वाया गेलं आणि एका डब्याने काम केलं. असो. नोकरीत मी एवढं शिकले की काम कुणामुळे झालं याची चौकशी करायची नाही. बाकी सगळ्याची करायची.

झुमा गच्चीवर राहिली. बीपी एक दिवस चढलं तेव्हा मीच तिला रिक्षात घालून सिव्हिलला नेलं, नानांची सून सोबत आली. मुलगी झाली, लहानखुरी पण खणखणीत आवाजाची. मी डॉक्टर मॅडमना सांगायला अगदी ऐटीत गेले. "मॅडम, टीम काढू नका. त्या बोळात नवीन माणूस अजून येतो. येतो आणि राहतोही." मॅडम हसून म्हणाल्या, "बरं बाई, तुमचा बोळ जिंकला." माझी छाती दोन दिवस फुगलेली होती.

बाळ दीड महिन्याचं झालं तेव्हा मी लसीला बोलवायला गेले. बापी सामान बांधत होता. एक पेटी, एक गादी, गॅस.

"कुणी काही बोललं का रे?" मी विचारलं. माझा आवाज चढलाच होता.

"नहीं दीदी," तो म्हणाला. त्याला हायवेपलीकडच्या प्लॉटांत खोली मिळाली होती. पत्र्याची, पाण्याची बोंब. मी म्हटलं, अरे वेड्या, इथे राहायला मिळावं म्हणून केवढी धडपड, आणि आता आपणहून जातोस? तो नुसता झुमाकडे बघून हसला. मग झुमाच बोलली, तिच्या मोडक्या हिंदीत. म्हणाली, दिवसभर लिफ्टचा आवाज येतो, पण गच्चीवर कुणी येत नाही. बाळ रडलं तर कुणी विचारत नाही का रडतंय. सगळे चांगले आहेत, कुणी वाईट बोलत नाही, दारं तेवढी बंद असतात. तिकडे गावाकडच्या बाया आहेत, एका हाकेवर येतात. "इधर जगह मिला, दीदी. पड़ोस नहीं मिला."

मी इतकी वर्षं विचारत आले की नवा माणूस जुन्या बोळात अजून येतो का. येऊन त्याला तिथे भेटतं कोण, हे विचारायचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं. वाईट वाटलं. आपलं माहेर कुणी नाकारावं तसं वाटलं, खरं सांगते.

सामान खाली उतरलं. बोळाच्या तोंडाशी रिक्षा उभी होती. बापी पुढे बसला, झुमा मागे, मी बाळाला घेऊन उभी. तेवढ्यात लिफ्टचं दार उघडलं आणि आक्का बाहेर आल्या. नऊवारी नाही, त्यांची बंगाली पांढरी साडी, धुवट, इस्त्रीची. काखेत कापडी पिशवी. भिंतीचा आधार घेत घेत त्या रिक्षापर्यंत आल्या, माझ्या हातातून बाळ घेतलं आणि झुमाच्या शेजारी बसल्या. मला वाटलं, निरोप देतायत.

"सरक, वं," त्या झुमाला म्हणाल्या आणि पिशवी पायाशी नीट ठेवली.

तपन शोरूममधून धावत आला. काचेची खोली मागे रिकामीच होती. "मा, कुठे चाललीस?"

"यासनासंगे."

"किती दिवस?"

आक्का बाळाच्या टकुच्याची नाडी बांधत बसल्या.

तपनने रिक्षाची दांडी धरली. त्याचा आवाज असा बारीक झाला की मला तो इंजेक्शनला रडणारा पोरगा आठवला. "मा, असं काय करतेस? एवढं मोठं घर सोडून पत्र्यात राहणार? लोक काय म्हणतील?"

आक्कांनी मान बाहेर काढून बोळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं.

"कोठे शेतस रे लोके?" त्या म्हणाल्या.